नवी प्रणाली आणि जुनें दप्तर

जुनी व्यवस्था बंद करून नवी केव्हां आणावी, हा निर्णय बहुधा दुसराच कोणी घेतो. ती आपल्या घरांत कोणत्या रीतीनें आणावी, एवढाच निर्णय सामान्य गृहस्थाच्या हातीं राहतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' ह्या संगणक-प्रणालीची नित्याची देखभाल थांबविली, तेव्हां असा एक निर्णय घरोघरीं येऊन उभा राहिला. २९ जुलै २०१५ रोजीं निघालेली ही प्रणाली दहा वर्षांत लोकांच्या अंगवळणीं पडली होती. धाराशिव येथील एखादी वकिलाची कचेरी, तुळजापुरांतील एखादें टंकलेखनाचें दुकान, उमरग्याची एखादी शाळा, अशा ठिकाणीं जिचें काम तिच्यावर चालत आलें त्या मंडळीस तारीख कंपनीनें सांगितली. नव्या प्रणालीचें 'विंडोज ११' हें नांवहि कंपनीनेंच सांगितलें. ती बसवावी कशी, हें मात्र ज्याचें त्यानें ठरवावयाचें होतें. पुष्कळांचा रिवाज असा कीं, संगणक दुरुस्तीच्या दुकानांत नेऊन द्यावा आणि दुकानदारास जें सोयीचें वाटेल तें त्यानें करावें.

हा प्रश्न केवळ कारागिराचा आहे, अशी समजूत ह्या रिवाजाच्या मुळाशीं आहे. आम्हांस ती बरोबर वाटत नाहीं. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र नव्हे, आणि त्या यंत्रावर आपण करतों तें कामहि नव्हे. दोहोंच्या मध्यें असलेली ती व्यवस्था आहे. कचेरीचा दृष्टान्त घेतला तर इमारत म्हणजे यंत्र, निरनिराळे कारकून म्हणजे प्रोग्रॅम, आणि कोणता कागद कोणत्या कपाटांत ठेवावा, किल्ली कोणाजवळ असावी, कोणी कोणास विचारून काम करावें हे नियम म्हणजे प्रणाली. नियम बदलणें हें कारागिराचें काम असेल. परंतु कपाटांतील कागद मालकाचे आहेत, आणि नियम बदलतांना त्यांपैकीं कोणते जपावयाचे हें मालकावांचून दुसरा कोणी सांगूं शकत नाहीं.

नवी प्रणाली बसविण्याच्या रीती मुख्यतः तीन आहेत. जुनी चालू असतांनाच तिच्यावर नवी चढवावयाची, ही पहिली. हिच्यांत फाइली, प्रोग्रॅम व लहानमोठ्या सोयी जागच्या जागीं राहतात, आणि कांहीं तासांत पूर्वीच्याच मेजावर काम पुन्हा सुरू होतें. पण वर्षानुवर्षें सांचलेला केरहि जागच्या जागीं राहतो. जुना दोष नव्या घरांत शिरतो, आणि तो जुन्याचा कीं नव्याचा हें ओळखणें कठीण होऊन बसतें. डिस्क साफ पुसून कोऱ्या जागेवर नवी प्रणाली बसविणें, ही दुसरी रीत. त्यासाठीं निदान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर प्रणालीची प्रत तयार करून यंत्र तिच्यावरून सुरू करतात. यंत्र हलकें होतें, केर जातो. मात्र केराबरोबर एखादा दागिनाहि जातो, आणि गेलेला परत मिळेलच असें नाहीं. तिसरी रीत शेजाराची. डिस्कचे दोन भाग करून, किंवा दुसरी डिस्क जोडून, नवी प्रणाली जुनीच्या शेजारीं बसवावी व कांहीं काळ दोन्ही वापराव्या. नवें यंत्र विकत घेऊन जुनें कांहीं महिने कोपऱ्यांत चालू ठेवणें हा ह्याच रीतीचा एक प्रकार होय. हिच्यांत कष्ट दुप्पट आणि घरांतील मंडळीचा गोंधळहि दुप्पट. परंतु चूक झाल्यास मागें फिरण्याची वाट मोकळी राहते.

ह्या तिन्ही रीती संगणकाबरोबर जन्मल्या असें मात्र नाहीं. राज्यकारभार, नाणें, कायदा, दप्तराची भाषा ह्याहि एका अर्थीं प्रणालीच आहेत. आणि त्या बदलण्याचे प्रसंग धाराशिव जिल्ह्यावर गेल्या पावणेदोनशें वर्षांत वरचेवर आले आहेत. यंत्र नवें असलें तरी प्रश्न जुना आहे. म्हणून यंत्राकडे वळण्यापूर्वीं ह्या जिल्ह्याचें दप्तर थोडेसें उघडून पाहणें उपयोगाचें होईल.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड आणि रायचूर दुआब ह्यांबरोबर नळदुर्गचा मुलूखहि ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांत दिला. आजच्या धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग त्यांतच येतो. नळदुर्गची व्यवस्था मेडोज टेलर ह्यांजकडे आली. ज्यांच्या 'तारा' ह्या १८६३ च्या इंग्रजी कादंबरींत तुळजापूर आलें आहे, तेच हे गृहस्थ. जमिनीची मोजणी व महसुलाची नवी घडी घालण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. आमच्या परिभाषेंत ही दुसरी रीत झाली: पाटी पुसावी आणि नव्यानें लिहावें. १८५७ सालीं टेलर वऱ्हाडांत गेले, आणि १८६० सालीं तर हा मुलूख पुन्हा निजामाकडेच आला. पुढें १८६५ सालीं पहिल्या सालारजंगांनीं हैदराबाद राज्यांत जिल्हाबंदी केली, तेव्हां तिसरीच घडी बसली. बारा वर्षांच्या आंत एकाच शेताचा धनी तीन व्यवस्थांस उत्तर देत होता. कोऱ्या पाटीचा मोठा दोष ह्यावरून ध्यानांत येतो. ती लिहिणारा मनुष्य कितीहि कर्तबगार असो, आपली व्यवस्था टिकेल असें धरून तो जुनी पुसतो. आणि ती न टिकल्यास त्याची किंमत दुसऱ्याला द्यावी लागते.

पुढचा मोठा बदल १९४८ चा. त्या वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं निजामानें शरणागति पत्करली आणि त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा स्वतंत्र भारताच्या राज्यव्यवस्थेंत आला. ह्या खेपेस निरनिराळ्या बाबतींत निरनिराळी रीत वापरली गेली, आणि त्यांची तुलना फार बोधप्रद आहे.

नाण्याच्या बाबतींत तिसरी रीत स्वीकारली गेली. संस्थानचा रुपया तो 'हाली', आणि भारत सरकारचा तो 'कलदार'. १९५१ सालीं हाली रुपया नव्यानें काढणें बंद झालें, तरी चलनांतला हाली बाद केला नाहीं. सात हालींस सहा कलदार हा दर कायम ठेवून दोन्ही नाणीं शेजारीं-शेजारीं चालूं दिलीं. एका कलदाराला एक हाली रुपया, दोन आणे, आठ पै, हा हिशेब बाजारांत कोणालाहि मांडतां येई. अखेर १९५९ सालीं हाली कायमचा बाद झाला. ह्या मधल्या काळांत हाली रुपयांत लिहिलेलें कर्जखत निरर्थक झालें नाहीं, आणि मडक्यांत पुरलेली पुंजी एका रात्रींत माती झाली नाहीं. ह्या व्यवस्थेंत तीन गोष्टी होत्या, त्या लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत: जुन्याचें नव्यांत रूपांतर करण्याचा ठाम दर, दोन्ही चालण्याचा पुरेसा अवधि, आणि त्या अवधीचा निश्चित शेवट.

कायद्याच्या बाबतींत पहिली रीत चालली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. १९४८ धरून वरचें राज्य तीनदां बदललें. पण खालीं जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे सुमारें १९०७ सालचा हैदराबादचाच राहिला. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलांत आला, तेव्हां कोठें तो हटला. कूळवहिवाटीच्या वादांत तर मराठवाड्यापुरता १९५० चा हैदराबादचा कायदा आजहि वकिलांना काढून पाहावा लागतो. जिल्ह्याच्या नांवाचीहि तीच गोष्ट. सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या नांवावरून पडलेलें उस्मानाबाद हें नांव २०२३ सालीं जाऊन शासकीय दप्तरांत धाराशिव हें जुनें नांव आलें. परंतु मोटारींवरचा 'एमएच २५' हा क्रमांक व शहराचा ४१३५०१ हा टपालाचा अंक आहेत तेच राहिले. वरची पाटी बदलली, खालची वीण तीच. ह्या रीतीनें कोणाचें काम अडत नाहीं, हा तिचा गुण. आणि खालीं काय शिल्लक आहे हें जाणकारावांचून कोणास कळत नाहीं, हा तिचा दोष.

दप्तराच्या भाषेची व लिपीची गत मात्र ह्या दोहोंहून निराळी झाली. संस्थानी महसुलाचे व न्यायाचे कागद मुख्यत्वें उर्दूंत, गांवपातळीवरचे पुष्कळसे मोडींत, आणि सनावळी फसली. फसली सनांत ५९० मिळविले कीं सामान्यतः इसवी सन येतो; म्हणजे सनाचें रूपांतर सोपें होतें. लिपीचें तसें नव्हतें. हाली रुपयाला जसा दर ठरला होता, तसा ह्या कागदांना ठरला नाहीं. ते एकामागून एक बालबोध मराठींत उतरवून घ्यावे अशी मुदत कोणी घातली नाहीं. ते कोणी मुद्दाम फाडले असेंहि नव्हे. ते कपाटांत राहिले आणि वाचणारीं माणसें म्हातारीं होत गेलीं. पाऊणशें वर्षांनीं, २०२३ सालीं, मराठवाड्यांतील कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं राज्य शासनानें समिति नेमली, तेव्हां निजामकालीन कागद पुन्हा बाहेर निघाले, आणि मोडी, उर्दू व फारसी वाचणारे जाणकार शोधण्याची वेळ आली. त्या नोंदींवरून चाललेल्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. आमचा मुद्दा एवढाच कीं, कागद शाबूत होता आणि तो वाचण्याची विद्या दुर्मिळ झाली होती. दप्तर नष्ट होण्यास आग किंवा वाळवीच लागते असें नाहीं. वाचणारा गेला तरी तें अर्धें नष्ट होतें.

आतां यंत्राकडे वळूं. संगणकाच्या इतिहासांतहि हा प्रश्न आरंभापासून दिसतो. १९६४ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें 'सिस्टिम ३६०' ही नवी यंत्रमालिका जाहीर केली. तोंपर्यंत पुष्कळ ग्राहक तिच्याच '१४०१' ह्या यंत्रावर हिशेब करीत, आणि तेथले प्रोग्रॅम नव्या यंत्रास जात्या समजत नसत. तेव्हां नव्या यंत्राच्या कांहीं नमुन्यांत जुन्याची नक्कल करण्याची सोय घातली गेली. म्हणजे नवें यंत्र जरूर पडेल तेव्हां जुन्याचें सोंग घेऊन जुनें काम करून देई. व्यापाऱ्याला आपलें दप्तर ओळखीचें राहिलें, म्हणून त्यानें नवें यंत्र घेतलें. ह्या सोयीला यंत्राच्या वेगाइतकेंच महत्त्व होतें.

आयबीएमचा घरगुती संगणक १९८१ सालीं आला, तेव्हां 'बसविणें' हा शब्दच लागू नव्हता. आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरची 'डॉस' प्रणाली एका फ्लॉपीवर मावत असे. फ्लॉपी घालावी व यंत्र सुरू करावें. नवी आवृत्ति हवी तर नवी फ्लॉपी घालावी. जुनी फ्लॉपी खणांत राहत असल्यामुळें तिसरी रीत आपोआपच पाळली जाई. १९८३ सालीं १० एमबीची हार्ड डिस्क असलेला 'एक्सटी' हा संगणक निघाला. प्रणाली यंत्राच्या पोटांत कायमची राहूं लागली, आणि तेव्हांपासून जुनीचें काय करावयाचें हा प्रश्न उत्पन्न झाला. १९९१ च्या 'डॉस ५' नें त्याचें उत्तर मोठें विवेकाचें दिलें होतें. नवी प्रणाली बसवितांना ती जुनी एका वेगळ्या कप्प्यांत उचलून ठेवी, व परत फिरण्यासाठीं एक फ्लॉपीहि करून देई. मालकाची खात्री पटली म्हणजे त्यानें स्वतः आज्ञा द्यावी आणि मगच तो कप्पा रिकामा व्हावा, असा नियम होता. १९९५ च्या २४ ऑगस्टला 'विंडोज ९५' निघाली. ती तेरा फ्लॉप्यांवर किंवा एका सीडीवर मिळे, आणि जुन्या विंडोजच्याच जागीं बसवावी कीं निराळ्या जागीं, हें मालकास निवडतां येई.

आजची विंडोजहि जुनी प्रणाली बाजूस ठेवते. मात्र परत फिरण्याची मुदत सामान्यतः दहा दिवसांची, आणि ती सरली कीं जुनें सामान यंत्र आपणच काढून टाकतें. १९९१ सालीं जुनें पुसण्याचा हुकूम मालकाचा होता. आतां तो पंचांगाचा झाला आहे. सोय वाढली हें खरें. पण वर्षांतून एकदांच लागणारा कागद दहा दिवसांत आठवतो असें नाहीं. वार्षिक सभेचें इतिवृत्त किंवा एखाद्या खटल्याची कैफियत दहा महिन्यांनींहि मागितली जाते.

दुसऱ्या बाजूस 'लिनक्स'ची परंपरा आहे. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेली ही मुक्त प्रणाली बहुधा दुसऱ्याच्या घरांत भाडेकरू म्हणून शिरली. त्यामुळें शेजारीं-शेजारीं राहण्याची कला तिला पहिल्यापासून शिकावी लागली. जर्मनींत २००० सालीं निघालेल्या 'नॉपिक्स'नें तर डिस्कला स्पर्शहि न करतां सीडीवरूनच सर्व प्रणाली चालवून दाखविली. 'उबुंटू'च्या सीडी २००५ ते २०११ पर्यंत मागेल त्याला टपालानें फुकट मिळत. आज तेंच काम पेनड्राइव्ह करतो. बसविण्यापूर्वीं घर फिरून पाहावें, आपला छापखाना म्हणजे प्रिंटर चालतो कीं नाहीं, आपलें मराठी उमटतें कीं नाहीं हें तपासावें, आणि मगच बिऱ्हाड हलवावें, अशी ही रीत आहे.

येथपर्यंतचा इतिहास जगाच्या कोणत्याहि गांवास लागू पडेल. मराठी माणसाची अडचण ह्याहून एक पायरी खोल आहे. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचें काम कानपूरच्या आयआयटींत आणि पुढें १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेंत झालें. १९९१ सालीं 'इस्की' ही भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतावलि ठरली. तथापि छपाईच्या व टंकलेखनाच्या व्यवहारांत निराळाच मार्ग रूढ झाला. रोमन अक्षरांसाठीं राखलेल्या जागांवर देवनागरी अक्षरांचीं चित्रें बसवावयाचीं, अशा युक्तीनें केलेले फॉन्ट सर्वत्र पसरले. 'श्रीलिपि', 'आकृति', 'कृतिदेव', 'आयएसएम' हीं नांवें कोणत्याहि टंकलेखकास ठाऊक आहेत. प्रत्येक कुळाची अक्षरांची मांडणी निराळी. 'क' ह्या अक्षराचें चित्र एकानें एका रोमन अक्षरावर बसविलें, तर दुसऱ्यानें दुसऱ्यावर. तो फॉन्ट यंत्रांत आहे तोंवर पानावर स्वच्छ मराठी दिसे; फॉन्ट नसला तर त्याच फाइलींत रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसे. यंत्राच्या दृष्टीनें त्या फाइलींत मराठी कधीं नव्हतेंच.

१९९१ सालीं सुरू झालेल्या 'युनिकोड' ह्या जागतिक संकेतावलींत देवनागरीला स्वतःचें स्थान मिळालें. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींत त्याचा उपयोग २००० सालच्या 'विंडोज २०००' पासून करतां येऊं लागला. २००१ च्या 'एक्सपी'मध्यें तर नवी प्रणाली बसविल्यावर एका पानावर मुद्दाम खूण करावी लागे आणि मूळ सीडी पुन्हा घालावी लागे. तेवढें केलें नाहीं तर जोडाक्षरें मोडकीं दिसत. २००७ च्या 'व्हिस्टा'पासून ही सोय उपजतच आली. म्हणजे नवी प्रणाली कशी बसविली, ह्यावर त्या घरांत मराठी नीट दिसेल कीं नाहीं हें कांहीं वर्षें अक्षरशः अवलंबून होतें.

आतां धाराशिवच्या एखाद्या टंकलेखकाच्या डिस्कवर वीस-पंचवीस वर्षांचे कागद आहेत असें धरूं: वाटणीपत्रें, मृत्युपत्रांचे मसुदे, पतसंस्थेचीं इतिवृत्तें, कोणा वृद्ध शिक्षकाच्या आठवणींचें टंकलिखित. दुकानदारानें सर्व फाइली पेनड्राइव्हवर उतरविल्या, डिस्क पुसली, नवी प्रणाली बसविली, फाइली परत ठेवल्या. एकहि फाईल हरवली नाहीं. तरी त्या उघडल्यावर मराठी दिसत नाहीं, कारण फॉन्ट व त्याचा प्रोग्रॅम पुसल्या डिस्कबरोबर गेले. ते पुन्हा बसवावे म्हटलें तर अडचणी निराळ्याच. विंडोज ११ केवळ ६४ बिटांच्या यंत्रांसाठीं आहे, आणि १६ बिटांचे जुने प्रोग्रॅम तीवर सरळ चालत नाहींत. कांहीं जुन्या पॅकेजांबरोबर प्रिंटरच्या खोबणींत लावावयाचें कुलूप येई. तशी खोबण आजच्या यंत्रांत सहसा नसते. मोडी कागदाची जी अवस्था झाली तीच ही. तिला तेथें दोन पिढ्या लागल्या, येथें एक दुपार पुरते.

ह्यावर उपाय आहे, आणि तो हाली रुपयाच्या मार्गानें जातो. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडांत उतरविणारीं साधनें उपलब्ध आहेत. मात्र मूळ फॉन्ट कोणता हें त्यांना सांगावें लागतें, आणि रूपांतरानंतर मजकूर मूळ पानाशीं ताडून पाहावा लागतो. रफार, र्‍हस्व वेलांटी व जोडाक्षरें येथें चुका राहतात. ताडून पाहण्यास मूळ पान दिसलें पाहिजे, आणि तें जुन्या प्रणालींतच दिसतें. म्हणून रूपांतर जुनी व्यवस्था जिवंत असतांनाच झालें पाहिजे. ह्या एका गोष्टीनें रीतीची निवड ठरते. ज्याच्या घरीं जुन्या फॉन्टांतले किंवा जुन्या प्रोग्रॅमांतले कागद आहेत, त्यानें तिसरी रीतच धरावी. इतर रीती त्याच्यासाठीं नाहींत. ज्याचें सर्व मराठी युनिकोडांत आहे, आणि ज्याच्या यंत्रावर छायाचित्रें व चार पत्रें ह्यांपलीकडे कांहीं नाहीं, त्यानें सर्वांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन, ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहून, पहिली रीत स्वीकारण्यास हरकत नाहीं. यंत्र मंद झालें असेल, कोणीं काय बसविलें ह्याचा पत्ता नसेल, तर अशाच पाहिलेल्या प्रतीच्या आधारावर दुसरी रीत उत्तम. न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

विंडोज ११ ला ४ जीबी स्मृति, ६४ जीबी जागा, 'टीपीएम २.०' नांवाची सुरक्षिततेची चकती आणि ठराविक नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणून पुष्कळ चांगलीं यंत्रें तिला चालत नाहींत. अशा यंत्राच्या मालकास कंपनीनें देखभालीची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेण्याची सोय ठेवली. ती मुदत म्हणजे स्थगिति आहे, निकाल नव्हे. तिचा उपयोग रूपांतरासाठीं करावा. त्यानंतर त्याच यंत्रावर लिनक्स बसवितां येतें. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली त्याच कुळांतली असून तिच्यांत मराठीची सोय आहे. शाळांनीं तरी यंत्रें भंगारांत काढण्यापूर्वीं पेनड्राइव्हवरून ती एकदां चालवून पाहावी.

तिसऱ्या रीतीवर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही खरे आहेत. देखभाल संपलेली प्रणाली इंटरनेटवर ठेवणें म्हणजे दार उघडें टाकून निजणें होय, हा पहिला. त्यास उत्तर असें कीं, जुनी प्रणाली जाळ्यापासून तोडून ठेवावी. मूळ पान वाचण्यास व ताडण्यास इंटरनेट लागत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुनें शेजारीं राहिलें कीं माणूस नव्याकडे वळतच नाहीं; रूपांतर उद्यांवर जातें, आणि उद्यां कधीं उजाडत नाहीं. मोडीच्या कागदांचें नेमकें हेंच झालें. त्यांना कोणी हात लावला नाहीं, आणि त्यामुळेंच ते मुके झाले. म्हणून शेजार पत्करतांना हाली रुपयाच्या तिन्ही अटी पत्कराव्या: रूपांतराचें साधन आधीं ठरवावें, पुरेसा अवधि द्यावा, आणि शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. वर्षभर पुरेसें होईल. त्यांत वार्षिक सभा, शाळेची परीक्षा, आयकराचा हिशेब असे वर्षांतून एकदां लागणारे सर्व कागद एकदां तरी उघडले जातात.

जुन्या संस्थानी दप्तराचा अनुभव पाठीशीं असतांना ह्या जिल्ह्यानें तरी ही चूक पुन्हा करूं नये. प्रणाली येतील आणि जातील. विंडोज ११ चीहि मुदत एके दिवशीं संपेल. ज्या घरीं कागद आपल्या लिपींत, सर्वांस वाचतां येईल अशा संकेतांत ठेवलेला आहे, त्या घरीं त्या दिवशीं कोणती रीत निवडावी हा प्रश्न खरोखरच कारागिराचा राहील. तोंवर तो घरच्या कर्त्या माणसाचा आहे, आणि त्यानें तो संगणक दुकानांत नेण्यापूर्वीं सोडवावा.